पाडायची तारीख

गेली तीस वर्षं गवंडी प्रत्येक इमारतीच्या एका कोपऱ्यात, ओल्या गिलाव्यावर, आपला अंगठा उमटवत आला होता. विषारी वायूचे जुने तोफगोळे नष्ट करण्यासाठी बांधलेल्या या इमारतीतही त्याने तो हौसेने उमटवला, आणि इंजिनीअरबाई खवळल्याच.

"अहो, तेवढ्या खळग्यातही विष साचेल! आधी बुजवा तो."

त्याने तोंड वाकडं करून खळगा बुजवला. वर बाईंनी सांगितलं, की शेवटचा गोळा संपला की ही इमारतही पाडायची; तारीखसुद्धा ठरली आहे.

घरी येताच त्याने चपला भिरकावल्या. "हातभर जाडीच्या भिंती, आरशासारखा गिलावा, आणि म्हणे पाडायची! मग बांधायची तरी कशाला? डोंबलाचं काम!"

त्याचे वडील खाटेवर बसून मजेत ऐकत होते. तरुणपणी ते हेच गोळे भरायच्या कारखान्यात कामाला होते.

"नशीबवान आहेस लेका," ते म्हणाले. "आमचा कारखाना बांधला, तेव्हा पाडायची तारीख ठरवायचं कोणालाच सुचलं नाही. म्हणून तर आज तुला हे बांधावं लागतंय."