पट्टीवरची रिकामी जागा

कोन गावाच्या रस्त्याला केसरीनाथांचे गोदामाचे गाळे आहेत. एक सोडून सगळे भाड्याने गेले आहेत. तिथे दिवसभर खोकी येतात आणि खोकी जातात. उरलेल्या शेवटच्या गाळ्यात त्यांची मुलगी क्षितिजा जुन्या शिलाई मशीन ठेवते.

भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या टेलरच्या दुकानांतून, गणेशपुरीच्या बाजूला कुणाच्या तरी पडवीतून तिने त्या आणल्या. सगळ्या पायाने चालवायच्या. काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी, कुठे पुसट, कुठे अजून ताजी. क्षितिजा त्या नुसत्या मांडून ठेवत नाही. रॉकेलने धुते, तेल देते, नवा पट्टा चढवते आणि चालवते. घरातल्या पिशव्या, उशांचे अभ्रे, बापाचे लेंगे याच मशीनवर होतात. दुपारी छताच्या पारदर्शक पत्र्यातून उजेड खाली उतरतो, मागच्या यंत्रमागांवरून उडून आलेली कापसाची तूस त्यात तरंगत राहते, आणि ती एकेका मशीनवर जाऊन बसते. एकीचा आवाज तांदूळ पाखडल्यासारखा, एकीचा दूरच्या टांग्यासारखा. एक तर इतकी हलकी चालते, की पाय थांबले तरी थोडा वेळ स्वतःशीच बोलत राहते. क्षितिजा डोळे मिटूनही कुठली चालू आहे ते सांगू शकते.

तिच्याकडे कोऱ्या कापडाची एक लांब पट्टी आहे. मशीन दुरुस्त झाली की तिने त्या पट्टीवर एक ओळ टीप घालायची, प्रत्येकीने वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, हा क्षितिजाचा नियम. पट्टी उलगडली की रंगीत ओळी एकामागून एक येत जातात. मध्येच हातभर जागा रिकामी आहे. तिथे निळ्या दोऱ्याचा फक्त एक गुंता आहे.

ती जागा कोपऱ्यातल्या मशीनची. क्षितिजाने तिच्यावर एक अख्खा उन्हाळा घालवला. सुया मोडल्या, दोरा खालच्या बाजूला गोळा झाला. दोन कारागीर येऊन गेले. खालचा दोरा धरणारं शटल झिजलंय, असे दोघेही म्हणाले. शेवटी तिने तिच्यावर तेलाच्या बुधल्या आणि चहाचा थर्मास ठेवायला सुरुवात केली.

"बाय, लोकांच्या गाळ्यात मोबाईल हायेत, टीव्ही हायेत," केसरीनाथ म्हणायचे. "माझ्या गाळ्यात काय, तं भंगार. आन त्यातपन एक मेलेली."

"बाबा, तुमचा लेंगा भंगारावरच शिवलाय."

"म्हनून तं खाजवतंय!"

शेजारच्या गोदामात पॅकिंगच्या ड्युटीला येणारी रमशा जेवणाच्या सुट्टीत इथे डोकावायची. एकदा तिने विचारले, "दीदी, माझ्या दादीला आणू का? माझं लग्न ठरलंय."

"लग्नाचा नि मशीनचा काय संबंध?"

संबंध होता. रमशाच्या घरी नवरीच्या ओढणीची किनार घरातली सगळ्यात मोठी बाई स्वतः मशीनवर शिवते. ओढणी टेलरकडे जात नाही. रमशाच्या आत्यांच्या ओढण्या तिच्या दादीने, हबीबाने शिवल्या होत्या. नंतर घराचे बांधकाम निघाले, त्यात हबीबाची मशीन गेली, आणि त्यानंतर ती कुठल्याच मशीनवर बसली नाही. आता रमशासाठी ती घरातल्या मोटरच्या मशीनवर बसून बघत होती, पण कापड हाताआधी पळायचे आणि ती घाबरून हात मागे घ्यायची.

"दादी म्हणते, पायाची दे, मग बघ," रमशा म्हणाली.

हबीबा आली ती ओढणीचे गाठोडे पोटाशी धरून. लाल जाळीदार कापड होते. क्षितिजाने तिला आपल्या सगळ्यात गुणी मशीनवर बसवले आणि सरावाला कोऱ्या कापडाचा तुकडा दिला. हबीबाने चाकाला हात लावला नाही. नुसत्या पायाने मशीन सुरू केली. क्षितिजाला तेवढ्यानेच भरून आले. हे जमायला वर्षे जातात.

दोरा तुटला.

क्षितिजाने दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू सैल केला. पुन्हा तुटला. सुई बदलली, बॉबिन बदलली. दोरा खाली गुंतला. दुसरी मशीन झाली, तिसरी झाली. क्षितिजाची नजर सुईवर होती, दोऱ्यावर होती. तुकड्यावर एक सरळ टीप काही पडली नाही.

"दोरा चांगला हाय, सुई चांगली हाय," हबीबा म्हणाली. "मीच बिघडले." तिने गाठोड्याची गाठ पुन्हा बांधली. "रमशा, ही तीनबत्ती नाक्यावरच्या टेलरकडे दे."

"टेलरची नको मला. तशीच घेईन."

"उघडी किनार घेऊन निकाहला बसशील? सासू विचारेल, घरात दोरा नव्हता का?"

रमशा हसली नाही. सुट्टी संपत आली होती. "संध्याकाळी घेऊन जाते," एवढे म्हणून ती पॅकिंगला परत गेली.

केसरीनाथ चहा घेऊन आले. हबीबाच्याने उठवत नव्हते, तरी ती त्या तिसऱ्या मशीनपासून उठली आणि लांब कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली, बंद मशीनसमोर. केसरीनाथांनी थर्मास सरकवून तिथेच कप ठेवला.

"चाची, शिवायला शिकवलं कुनी तुमाला?"

"अब्बांनी. जहाजावर होते ते. कुठल्या बंदरावरून मशीन घेऊन आले, अल्लाला ठाऊक. आईला म्हणाले, तू शीक. आई म्हणाली, मला मासळी साफ करू दे आधी. मग मीच बसले."

"आमची आईपन तशीच. तिला काय दाखवलं, तं म्हनायची, पयले भात उतरू दे."

क्षितिजा गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला तुटलेले दोरे गोळा करत होती. बोलणे तिच्या कानावर येत होते आणि त्या बोलण्याखाली आणखी एक आवाज होता. गुळगुळीत, सलग, दुपारी झाडाखाली झोप लागताना पाने ऐकू येतात तसा. तो कुठल्या मशीनचा ते तिला ओळखू येईना. अर्ध्या झोपेत असल्यासारखी ती वळली.

कोपऱ्यातली मशीन चालत होती. हबीबा अब्बांच्या जहाजाचे सांगत होती आणि तिचे पाय आपले आपण हलत होते. चाक फिरत होते, पण त्यात काहीतरी चुकीचे होते. क्षितिजाने आजवर पाहिलेल्या प्रत्येक मशीनचे चाक शिवणाऱ्याच्या दिशेने येते. हे हबीबापासून दूर जात होते.

"दादी, थांबू नका!"

हबीबा थांबली. "काय केलं मी?"

"काही नाही. बाबा, बोलत राहा त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही! भाताचं सांगा."

क्षितिजाने नवी सुई बसवली, निळा दोरा ओवला आणि पट्टीची रिकामी जागा सुईखाली सरकवली. हबीबा आपल्या पायांकडे बघत राहिली आणि पाय हलेनात.

"आता ते ऐकत न्हायत," ती म्हणाली.

"भाताचं काय सांगू," केसरीनाथ म्हणाले. "आता शेतात भात न्हाय, गोडाऊन हाय. पन चाची, तुमचे अब्बा जहाजावरून दुसरं काय आनायचे?"

"काय आणणार? दाढी वाढवून आणायचे. आई दारातच विचारायची, कोण पाहिजे?"

केसरीनाथ खो-खो हसले, हबीबाही हसली आणि चाक फिरले. दूर, दूर, दूर. सुईखालून निळी टीप निघू लागली. लहान, एकसारखी, कुठेही न अडकता ती रिकाम्या जागेच्या शेवटापर्यंत गेली.

मशीन कधी बिघडलेलीच नव्हती. ती घडवलीच होती उलट्या बाजूने फिरायला. क्षितिजाने आणि दोन्ही कारागिरांनी ती सुलट फिरवून दोरा गुंतवला होता. अब्बांची मशीनही अशीच असणार. हबीबाच्या पायांना तेवढेच माहीत होते, म्हणून इतर मशीनही उलट्या फिरवून ती दोरा तोडत होती.

"दादी, ही तुमचीच तर नाही?"

हबीबाने वेलबुट्टीवरून बोट फिरवले. "न्हाय. माझीवर मोर होता. ही दुसरी. पण हिलाही तसंच शिकवलंय."

मग तिने गाठोडे सोडले. उतरत्या उन्हात लाल जाळी सुईखालून हळूहळू पुढे जात राहिली. शिफ्ट सुटल्यावर रमशा आली, तेव्हा ओढणीच्या चारही बाजू दुमडून झाल्या होत्या. ती ओढणी तोंडाशी धरून उभी राहिली.

"बघतेस काय? वाकडी झालीय का कुठे?" हबीबा म्हणाली.

क्षितिजाने मशीनवरच्या बुधल्या खाली ठेवल्या, मग पुसायच्या फडक्याची उगाच घडी केली. "दादी, ही घेऊन जा तुम्ही."

"आमच्या खोलीत ही आली तर मला जिन्यात झोपावं लागेल. राहू दे इथंच. मी येत जाईन." हबीबा स्टुलावरून उठली. "तू बस बघू."

क्षितिजा बसली. तिने पाय ठेवला, चाक सवयीने तिच्याकडे आले आणि दोरा तुटला.

"बाय, तूपन मेलेली निघाली!" केसरीनाथ म्हणाले.

हबीबाने चप्पल काढली आणि आपले पाऊल क्षितिजाच्या पावलाशेजारी ठेवले. "टाच दाब. आता सोड. घाई न्हाय."

चाक क्षणभर अडखळले आणि मग हळूच पलीकडे गेले.