पाटे ठेवायचे की काढायचे

सासूबाईंची पिकअप ताशी पन्नासच्या पुढे गेली की पुढची चाकं थरथरायला लागायची. ती थरथर स्टेअरिंगमधून त्यांच्या हातात, हातातून खांद्यात शिरायची आणि आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी नुसता रंगांचा काला दिसायचा. पिकअप पंचावन्न वर्षांची. दिवे गोल, बॉनेट रुसलेल्या मुलाच्या गालासारखं फुगलेलं, रंग एके काळी हिरवा. मागच्या हौद्यात लाकडाची तिरपी चौकट होती. तिला काचा टेकवून सासूबाई गावभर फिरायच्या. घरांना, दुकानांना काचा बसवणं हा त्यांचा धंदा. सासरे होते तेव्हा दोघं मिळून करायचे, आता त्या एकट्या.

सून गॅरेजवाली. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायच्या यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लग्नाला आठ वर्षं झाली तरी सासूबाईंनी आपली पिकअप तिच्या दारात कधी आणली नव्हती. तेल त्या स्वतः बदलायच्या, पट्टा स्वतः चढवायच्या, आणि सुनेनं विषय काढला की भाजी संपलीय का असं विचारायच्या. म्हणून त्या मंगळवारी पिकअप गॅरेजच्या फाटकातून धापा टाकत आत आली, तेव्हा सुनेच्या हातातला पाना हातातच राहिला.

वाटेत एक काच तडकली, असं सासूबाईंनी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रस्ता फार खराब झालाय, असंही म्हणाल्या. रस्ता मागच्याच महिन्यात नवा झाला होता.

सुनेनं गाडी जॅकवर घेतली आणि ती गाडीखाली सरकली. पुढच्या एक्सलला दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे नऊ-नऊ लोखंडी पाटे होते, एकावर एक रचलेले. गंजून ते असे चिकटले होते की नवांचा मिळून एकच लोखंडी ठोकळा झाला होता. चाकं ज्या किंगपिनवर वळतात त्या झिजून खुळखुळा झालेल्या. धक्के शोषणारे दांडे तर नावालाच उरलेले.

सून बाहेर आली आणि तिनं दोन रस्ते सांगितले. एक, आहे तोच एक्सल आणि तेच पाटे दुरुस्त करायचे. दोन, पुढचं सगळं कापून काढायचं आणि तिथे नवी आडवी बीम जोडून प्रत्येक चाकाला स्वतंत्र गोल स्प्रिंग द्यायची. असा एक आख्खा संच, अपघातात गेलेल्या एका कारचा, गॅरेजच्या कोपऱ्यात दोन वर्षं गोणपाटाखाली जपून ठेवलेला होता. सुनेचा जीव कशात अडकला होता ते सांगायला ज्योतिषी नको.

"आता एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याच्याबरोबर हिसका बसतो," तिनं समजावलं. "नवीन बसवलं की प्रत्येक चाक आपापलं बघेल."

"म्हणजे वेगळं बिऱ्हाड," सासूबाई म्हणाल्या.

सून आणि तिचा नवरा गेल्याच वर्षी तीन गल्ल्या पलीकडे राहायला गेले होते. सुनेनं पान्याला फडकं मारायला घेतलं.

नवरा जमीन मोजणीच्या खात्यात होता, आणि मोजायची सवय त्याच्या हाडात शिरली होती. तो दुपारी आला, टेप काढली, चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा तीनदा मोजला. मग दोघींनी त्याला विचारलं की तुझं मत काय. त्यानं फार गंभीर चेहरा केला आणि चेसिस डावीकडे चार मिलिमीटर सरकलीय असं सांगितलं. आई आणि बायको यांच्या मधली जागा किती अरुंद आहे, हे त्यानं फार पूर्वीच मोजून ठेवलं असावं.

सुनेनं खडू घेतला आणि कापायचंच झालं तर कुठे ते आखायला ती पुन्हा गाडीखाली गेली. सासूबाई स्टुलावर चहा पीत बसल्या होत्या. डाव्या बाजूला रेघ ओढताना सुनेला चेसिसवर एक जुना जोड दिसला. वेल्डिंग म्हणजे नुसते गोळेच गोळे, एकावर एक थापलेले.

"इथे कुणीतरी जोड मारलाय," ती खालून हसत म्हणाली. "कोण गाढव होतं देव जाणे. जोड आहे की वारूळ?"

 वरून नवऱ्याची टेप सर्रकन डबीत परत गेल्याचं ऐकू आलं. तो वाकला, गाडीखाली डोकावला आणि बायकोला डोळ्यांनी आईच्या दिशेला खुणावू लागला.

"ते गाढव मीच," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. सव्वीस वर्षांपूर्वी मोठं वादळ होऊन शाळेच्या चाळीस काचा फुटल्या होत्या. सासरे पायाला प्लास्टर घालून घरी होते. सासूबाई एकट्याच काचा आणायला निघाल्या आणि चेसिसला तडा गेला. वेल्डरला आठ दिवस सवड नव्हती आणि वर्गांत तर पाणी येत होतं. त्यांनी मशीन मागून घेतलं. वेल्डरनं भंगाराच्या तुकड्यावर अर्धा तास शिकवलं आणि तो जेवायला गेला. तो ढेकर देत परत आला तोवर यांचा जोड मारून झाला होता. दोन दिवस डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण शाळेच्या काचा शनिवारच्या आत लागल्या.

सून गाडीखाली पडून राहिली. तिथून कधीच बाहेर येऊ नये असं तिला वाटत होतं. थोड्या वेळानं तिनं हातोडी घेऊन जोडावर ठोकून पाहिलं. आवाज खणखणीत आला. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला. गोळे होते खरे, पण लोखंड लोखंडात अगदी खोलवर उतरलं होतं. ती बाहेर आली, कान लाल झालेले.

"आई, चुकलं माझं. जोड पक्का आहे. अजून तीस वर्षं हलणार नाही."

"दिसायला वारूळच आहे," सासूबाई म्हणाल्या आणि चहा संपवला.

आता सुनेची पंचाईत झाली. खडूची रेघ त्या जोडावरूनच गेली होती. कापलं तर सासूबाईंची ती दुपार भंगारात जाणार, आणि न कापावं तर ते लाजेपोटी. लाजेपोटी कुणाची गाडी दुरुस्त करायची नाही, हा तिचा नियम. म्हणून तिनं गावातल्या फुलवाल्याची पिकअप मागून आणली. तिला तिनं मागच्या वर्षी स्वतंत्र स्प्रिंगा बसवून दिल्या होत्या. सासूबाईंना चालवायला दिली आणि स्वतः मधे बसून नवऱ्याला दारापाशी बसवलं. गाडी गतिरोधकावरून गेली तर फक्त कुणीतरी गादीवर बसल्यासारखं वाटलं.

परत आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. "छान आहे. झोप येते."

त्यांचं म्हणणं असं की काच पाठीशी असली की रस्ता हाताला कळायला हवा, आणि या गाडीत रस्ता बोलतच नाही. बोलतोय तो रस्ता नव्हे, झिजलेली किंगपिन आहे, असं सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती नुसतं, आता तुमच्या गाडीतून एक चक्कर मारू, एवढंच म्हणाली. या वेळी दोघीच गेल्या.

त्या चकरेत सुनेनं रस्त्याकडे पाहिलंच नाही. ती हातांकडे पाहत होती. वळणावर सासूबाई डाव्या कोपरानं स्टेअरिंग दाबायच्या. उजवा हात नुसता चाकावर ठेवलेला. सिग्नलला थांबल्या की तो मांडीवर घेऊन वर पदर ओढायच्या. फुलवाल्याची गाडी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी चालवली होती.

"मनगट कधीपासून?" सुनेनं विचारलं.

"कुठलं मनगट?"

"उजवं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला. "दोन महिने," सासूबाई गाडी काढता काढता म्हणाल्या. "त्याला सांगू नकोस. मोजत बसेल."

काच कशानं तडकली ते सुनेला कळलं, आणि आपण सकाळपासून चुकीचा प्रश्न सोडवत बसलोय हेही. दुरुस्ती पाट्यांची नव्हतीच, त्या मनगटाला हिसके बसू नयेत याची होती. गॅरेजमध्ये आल्यावर मनगटाचं नाव न काढता तिनं काम सरळ सांगितलं. नवातले चार पाटे काढू. उरलेले घासून त्यांच्यामध्ये गुळगुळीत पट्ट्या घालू, म्हणजे एकमेकांवर घसरतील. किंगपिन, बुश, धक्के शोषणारे दांडे नवे. एक्सलखाली पाचर दिली की चाकं आपोआप सरळ धावतील. स्टेअरिंगची पेटी हलकी बसवू. चेसिसला हात लागणार नाही. पण फुलवाल्याच्या गाडीसारखी ही कधीच तरंगणार नाही.

"मी दोन्ही करू शकते. गाडी तुमची."

"तुझी असती तर?"

खोटं बोलायची संधी चांगली होती. "मी कापली असती," सून म्हणाली.

सासूबाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की नवरा ऑफिसातल्या रजिस्टरातून डोकं वर काढावं तसा दचकून बघत राहिला. "मग पाटे ठेव," त्या म्हणाल्या. "पण निम्मेच."

काम सहा दिवस चाललं. सासूबाई रोज हजर. डाव्या हातानं पाटे घासायच्या आणि उजव्या बाजूचा पाटा तू उलटा लावतेस की काय अशी शंका काढायच्या. एकदा ती शंका खरी निघाली. सुनेनं मुकाट्यानं पाटा फिरवला.

सातव्या दिवशी न्हाव्याच्या दुकानाची मोठी काच चौकटीला बांधून गाडी बाहेर काढली. पन्नास झाले, साठ झाले, चाक शांत. आरशात मागचा दूधवाला स्वच्छ दिसत होता. खड्डा आला तेव्हा हाताला हलकंसं कळलं, तेवढंच.  सुनेनं पुन्हा पुन्हा सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या दोन बोटांनी स्टेअरिंग धरून नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होत्या.

काच बसवून झाल्यावर मात्र सुनेनं त्यांना घरी सोडलं नाही, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधला आणि सहा आठवडे गाडी चालवायची नाही असं बजावलं. गाडी सुनेनं चालवायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई पहिल्यांदाच चालकाच्या शेजारी बसल्या. दोन गल्ल्या गेल्यावर त्या इकडे सरकल्या, मग तिकडे सरकल्या, मग त्यांनी अर्धवट उठून खाली चाचपून पाहिलं.

"अगं, या सीटची तार टोचते," त्या म्हणाल्या. "हे आजवर मला कुणी सांगितलं का नाही?"

सुनेनं गिअर बदलला आणि ती अतिशय लक्षपूर्वक समोर पाहत राहिली.