रुखमाचं ताट आधी

माझी सून रुखमा लग्न होऊन आली तेव्हा बांगड्या तिच्या हातात रुतायच्या. वर्ष-दीड वर्षात त्याच बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. जेवली की पोट फुगायचं, मग कळ यायची, अन् हात धुवायच्या आत लोटा घेऊन शेतातल्या बांधीकडे धावायची. कधी आठवडाभर बरी असे, वाटे गेलं एकदाचं. मग पुन्हा तेच. धान रोवण्याच्या दिवसांत चिखलातून मधेच पळाली तर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी शेताच्या धुऱ्यावरूनच विचारलं, "काहून वो, तुमच्या पोटात आतडे नाईत का?" तेव्हा पदर सोडून रोवायला वाकल्या.

तुमसरच्या डॉक्टरानं तपासलं. म्हणाला, आतड्यात गाठ नाही, जखम नाही, पोट हळवं आहे. गोळ्या देतो, पण खाण्यापिण्याचं सांभाळा. गोळ्या होत्या तोवर बरं वाटलं. संपल्या की जैसे थे.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. सिहोऱ्याला आमचं एकत्र घर. पुंडलिकराव म्हणजे आमच्या मालकांचे थोरले भाऊ, माझे भासरे. बायको वारलेली, पोरबाळ नाही, घरात शब्द त्यांचाच. भासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. ते सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून भिंतीला सांगत, मी आतून चुलीला उत्तर देत असे. दोघांनाही बरोबर ऐकू जाई.

दिवाळीनंतर एक दिवस ते आमच्या मालकांना, पण भिंतीकडं पाहून म्हणाले, "कृष्णा, रोगी पोरगी हाये. ना कामाची, ना लेकराची. संक्रातीपर्यंत पाहू. नाई तं तिले बापाच्या घरी पोचवून दे, तुलारामले दुसरी करू. पोरगी पाहून ठेवली मी."

आमचे मालक नुसते खाकरले. तुलाराम माझाच पोरगा, पण मोठ्या बाबापुढं त्याची जीभ टाळूला चिकटे. रात्री बायकोचे पाय दाबायचा, दिवसा तिच्याकडं पाहायचा नाही. असल्या मर्दाचं काय लोणचं घालायचं!

रुखमानं ते ऐकलं. भांडी घासत होती, घासतच राहिली.

मी तिला घेऊन कारध्याला वासुदेवराव वैद्याकडं गेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबलं. संग्रहणीची सुरुवात म्हणाले. लाखोळीची दाळ बंद, ठेचा बंद, शिळं बंद. वर्षभर जुना तांदूळ भाजून त्याचा मऊ भात, मुंगाच्या दाळीचं पातळ वरण, लोणी काढलेलं ताजं ताक, त्यात भाजलेलं जिरं अन् चिमूटभर सुंठ. कच्च्या बेलाचा गर उकडून.

मी चौथी नापास आहे, पण सांगितलेलं विसरत नाही. नव्या धानाच्या दिवसांत मी तिच्यासाठी ढोलीतला जुना तांदूळ काढला. ताक रोज सकाळी स्वतः घुसळलं. शेजारची आनंदाबाई म्हणालीसुद्धा, "सत्यभामाबाई, सून हाये का देव? निवद वेगळा शिजते!" मी म्हटलं, "तुह्या घरी तं देवालेही शिळंच भेटते."

इतकं करून पोरीला काडीचा गुण नाही. मला वैद्याचा राग आला. तशीच पुन्हा कारध्याला गेले.

"तुमची विद्या वाया गेली," मी बसायच्या आधीच म्हटलं. "सगळं केलं. पोरगी वाळूनच राहिली."

वैद्य हसले नाहीत, चिडले नाहीत. रुखमाला विचारलं, "बाई, जेवतेस कोणत्या वेळी?"

ती माझ्याकडं पाहायला लागली. मीच सांगितलं, "सगळ्यायचं झाल्यावर. आधी खळ्यावरचे गडी, मंग घरचे माणसं, मंग मी, मंग ते. आमचं घर रीतीचं हाये."

"म्हणजे ऊन कलल्यावर. भूक केव्हा लागते?"

"सकाळी," रुखमा हळूच म्हणाली. "मंग मरते."

वैद्य माझ्याकडं वळले. "सकाळचं गोड ताक तेव्हापर्यंत आंबट होते. मऊ भात गार होऊन गोळा होते. अन् तिची आग विझून गेलेली असते. तुम्ही बाई, चूल पेटली तेव्हा भाताचा गंज ठेवता का राख झाल्यावर?"

"चूल आमाले शिकवू नका."

"नाही शिकवत. पण राखेवर गंज ठेवून तांदळाला दोष देऊ नका. सकाळी भूक लागली की तिला ऊन ऊन वाढा. पोटभर नको, दोन घास कमी. अन् जेवताना तिच्या मनाला घोर नको. झालं माझं औषध."

यष्टीत बसल्यावर मी मागचं आठवत गेले. माझी सासू शेवटी जेवायची, मी शेवटी जेवले, गंजाच्या बुडाची खरड खाऊन ढेकर दिला. त्याचाच मला ताठा होता. माझं पोट दगडाचं निघालं म्हणून मी समजत होते, बाईचं पोट दगडाचंच असते. खिडकीतून बाहेर धान कापलेल्या बांध्या दिसत होत्या. रुखमा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती, पाखरासारखी हलकी. संक्रांत तोंडावर आली होती.

दुसऱ्या दिवशी खळ्यावरून माणसं यायच्या आधी मी तिचं ताट वाढलं. वाफेचा भात, वरण, ताक. चुलीजवळ पाट टाकला. "बस."

"आत्याबाई, मोठे मामाजी आता येतीन."

"येऊ दे. बस म्हणलं ना."

ती बसली. घास उचलला आणि सपरीत पुंडलिकरावांच्या वाहाणा वाजल्या. मधलं दार उघडंच होतं. पोरीनं घास ताटात ठेवून दिला. मला वैद्याचा शब्द आठवला, मनाला घोर नको. असं जेवली तर वैद्याचा भात काय अन् अमृत काय, तिच्या पोटात वीखच होईल.

मग मी दुसरं ताट घेतलं, त्यात भात वाढला आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले. सपरीकडं पाठ केली. लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यादेखत मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पहिला घास पाण्याचा घोट घेऊन उतरवला. दुसरा गेला.

"खा वो," मी म्हटलं. "शिव्या देतीन तं मले देतीन. तू भात चाव."

सपरीतून आवाज आला, "कृष्णा, घरात आता बाया आधी जेवतेत काय?"

मालक त्यांच्या मागोमाग आले होते, त्यांनी वाहाणा काढल्या. मग म्हणाले, "भूक लागली असंल त्यायले, दादा."

जन्मात पहिल्यांदा माणूस वेळेवर बोलला.

"अन् आमाले वाढन कोण?"

मी मान न वळवता बोलले, भिंतीला नाही, चुलीला नाही. "दादाजी, आमचं होऊ द्या. घाई असंल तं भात गंजात हाये, पळीबी गंजातच हाये, अन् हात देवानं सगळ्यायले देले."

ते उठून गेले. गल्लीतल्या ताराचंदच्या घरी जेवले म्हणे, अन् मला नावं ठेवत जेवले. पुढं दोन-चार दिवस तिकडंच. गावात चर्चा झाली. आनंदाबाई विचारायला आली, तिला मी ताक पाजून परत पाठवलं. आम्ही दोघी मात्र रोज सकाळी बसत राहिलो. ऊन भात कसा लागतो ते मलाही त्याच दिवसांत कळलं.

रुखमा एकदम बरी झाली असं नाही. हळवं पोट हळवंच असते. चिंता लागली की अजून बिनसते. पण संक्रांतीच्या आधी तिचं धावणं पुष्कळ कमी झालं, चेहऱ्यावर रया आली. तिळगुळाच्या दिवशी पुंडलिकरावांनी दुसऱ्या पोरीचं नाव काढलं नाही. कोणीही काढलं नाही. तुलारामनं त्या दिवशी सगळ्यांदेखत बायकोला हाक मारली.

पुढं एका सकाळी सपरीतून खाकरण्याचा आवाज आला. भूक लागली असावी.

"सुनेचं जेवण झालं काय?" पुंडलिकराव म्हणाले. "झालं असंल तं आमाले वाढा."

"अजून व्हायचं हाये," मी म्हटलं. "बसा."

अन् ते बसले.