खोक्यातली निळी बाटली

चष्मेवाल्याला लाज वाटायला सुरुवात झाली ती बाटली पुरतानाच. पण त्याने तिकडे काणाडोळा केला. आपण चांगलं काम करतोय, चांगल्या कामाला कसली लाज, अशी स्वतःची समजूत घातली आणि खुरप्याने माती सारखी केली.

जागा होती पाडून टाकलेल्या दवाखान्यामागचा उकिरडा. दवाखाना गेला, पण तिथे वर्षानुवर्षं फेकलेला कचरा मातीखाली शाबूत होता, आणि दर रविवारी चष्मेवाला आणि त्याचे काका तिथे जुन्या काचेच्या बाटल्या उकरायचे. औषधाच्या, शाईच्या, अत्तराच्या. हे वेड मुळात काकांचं. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले आणि सुट्टीच्या दिवशी माती उपसली. लग्न करायचं तेवढं राहून गेलं. पुतण्याला हा नाद लागला तो बराच उशिरा, दुकान चालायला लागून पोट सुटल्यावर. पण लागला तो असा की त्याने गुरूला मागे टाकलं. गेलं वर्षभर चांगली बाटली निघायची ती पुतण्याच्याच खड्ड्यातून. काकांचे हात कापायला लागले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि त्यांच्या वाट्याला यायचे फुटके गळे नाहीतर गंजकी झाकणं. ‘पुढच्या खेपेला,’ म्हणत ते पँट झटकायचे. मागच्या रविवारी मात्र म्हणाले, ‘आता बस झालं बहुतेक. तू येत जा एकटा.’

तेव्हापासून चष्मेवाल्याला काकांची कीव यायला लागली. कीव फार वाईट. ती आली की माणूस स्वतःला उगाचच मोठा समजायला लागतो.

त्याने दुकानाच्या माळ्यावरचं, नको असलेल्या बाटल्यांचं खोकं खाली काढलं. त्यातली एक लहानशी निळी बाटली उचलली. डोळ्यांत घालायच्या औषधाची होती, ओठाचा टवका उडालेला. मागे कधी माळा आवरताना ती अडगळीत सापडली होती; एखाद्या भंगारवाल्याने फुकटात दिली असेल, असं समजून त्याने ती खोक्यात टाकली होती. आता तिच्यात चिखल कोंबला, बाहेरून चोपडला आणि शनिवारी संध्याकाळी जाऊन काकांच्या नेहमीच्या जागी वीतभर खाली पुरली.

‘उद्या काकांचा चेहरा बघण्यासारखा होणार,’ जेवताना तो बायकोला म्हणाला.

‘कुठली पुरलीत?’

‘खोक्यातली एक. बिनकामाची होती.’

‘म्हणजे अडगळ काकांच्या गळ्यात मारताय. आणि वर पुण्य तुम्हालाच!’

‘तुला नाही कळायचं ते,’ असं म्हणून त्याने ताटात लक्ष घातलं.

रविवारी त्याने काकांना जवळजवळ ओढूनच नेलं. खुरपं काचेवर टककन वाजलं तसे काका थबकले. मग खिळा उचलावा तशा हलक्या हाताने त्यांनी माती बाजूला केली. निळा रंग दिसला.

‘काका! अहो, काय नशीब आहे तुमचं!’ चष्मेवाला ओरडला. जरा जास्तच ओरडला. ‘अख्खीच्या अख्खी! आणि सोडून निघाला होतात!’

काकांनी बाटली बाहीला पुसली. अंगठा ओठाच्या टवक्यावरून फिरवला, मग बाटलीच्या खांद्यावर नेला, जिथे काचेत तांदळाएवढा बुडबुडा होता. तिथे अंगठा बराच वेळ थांबला. त्यांचे डोळे भरून आले.

‘मिळाली,’ एवढंच ते म्हणाले, आणि बाटली खिशात घालून त्या दिवशी लवकर घरी गेले.

चष्मेवाला छाती फुगवून घरी आला. ‘अक्षरशः रडले गं,’ हे त्याने बायकोला दोनदा सांगितलं.

सोमवारी दुकान उघडून तो काउंटरची काच पुसत होता, तेव्हा काका आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. रुमालात गुंडाळलेली बाटली त्यांनी काउंटरवर ठेवली. आतून-बाहेरून लख्ख घासलेली.

‘घे. ही इथलीच.’

‘इथली?’

‘काल हाताला लागली तशी ओळखली मी. टवका माझ्याच खुरप्याने उडालाय. आणि हा बुडबुडा.’ काका हसले. ‘तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाला काय द्यावं, सुचत नव्हतं. म्हटलं, डोळ्यांचं दुकान, डोळ्यांची बाटली. मला सापडलेली पहिली बाटली होती ती.’

चष्मेवाल्याला आठवलं ते इतकंच: दुकानात गर्दी, खुर्च्या कमी पडलेल्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी कुणीतरी हातात दिलेलं. ते न उघडताच त्याने मागे सरकवलं होतं. तेव्हा बाटल्यांचं वेड त्याला लागायचं होतं.

‘मला वाटायचं, हरवली असेल तुझ्याकडून,’ काका म्हणाले. ‘काउंटरवर कधी दिसली नाही. विचारायचा धीर झाला नाही. आणि तू ती एवढी वर्षं जपलीस! वर माझा जीव रमावा म्हणून मातीत घातलीस. पोटच्या पोरानेही केलं नसतं रे.’

चष्मेवाल्याचे कान तापले. बिनकामाची होती, हे स्वतःचेच शब्द त्याला पुन्हा ऐकू आले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. खरं काय ते अगदी जिभेवर आलं होतं, पण काकांचा चेहरा इतका उजळलेला होता की ते तिथेच अडलं. आणि खोटं कशाला बोला, ती शाबासकी त्याला सोडवतही नव्हती. मान खाली घालतानाही ती गोड लागत होती, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त शरम वाटली.

‘जपणारच ना, काका,’ तो म्हणाला.

‘देताना मी काय म्हणालो होतो, आठवतं?’

‘आठवतं की.’

काका वाट बघत राहिले. लहान मुलाकडून पाठ केलेलं ऐकायला बसावं, तसे कौतुकाने. चष्मेवाल्याने बाटली उचलली, उजेडात धरली, उलटी करून तिचं बूडसुद्धा पाहिलं. मग खाली ठेवली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर त्याने त्यांचे पाय तरी धरले असते.

‘जाऊ दे,’ त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर थोपटलं. ‘गिऱ्हाईक आलंय बघ तुझं. मी निघतो.’

दारात कुणीच नव्हतं. आणि काकांना तिथून दार स्वच्छ दिसतं, हे त्यांच्या चष्म्याचा नंबर काढणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.