झाकणापाशी सोळा इंच

मित्रांनो, मी एक जुना भुसा आहे. लाकडाचा नव्हे, कागदाचा. फिनिक्स शहराच्या पश्चिम अंगाला एका बसक्या घराच्या पोटमाळ्यावर मी चार वर्षं अंधारात पडून आहे. माझी गोष्ट ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगतो. पण मनात ठेवून ठेवून मी आता कंटाळलोय.

माझा मूळ जन्म वर्तमानपत्राचा. माझ्या अंगावर फुटबॉलचे निकाल होते, टायरच्या दुकानाच्या जाहिराती होत्या, कोणाकोणाच्या निधनाच्या बातम्या होत्या. एका सकाळची मिजास, आणि मग रद्दी. रद्दीतून मी कारखान्यात गेलो. तिथे मला दळलं, आग लागू नये न् किडे होऊ नयेत म्हणून बोरिक पावडर चोळली, तुम्ही कॅरमवर टाकता तीच, आणि दाबून दाबून पोत्यात कोंबलं. पोत्यावर एक घर छापलं होतं आणि घरासमोर हसरी माणसं. मला फार बरं वाटलं. वर्तमानपत्र म्हणून चोवीस तास जगलो, भुसा म्हणून निदान पन्नास वर्षं कोणाच्या तरी कामी येईन असं वाटलं.

माझं काम अगदी साधं आहे. या वाळवंटात उन्हाळ्याच्या दुपारी छपराचा तवा होतो. छपराच्या खाली आणि खोल्यांच्या छताच्या वर मी गादीसारखा पसरायचं, आणि ती धग खाली उतरू द्यायची नाही. पण मी सगळीकडे सारखा पसरलो तरच उपयोग. आपल्या पायांनी मला एक वीतसुद्धा सरकता येत नाही. जिथे मला टाकतील तिथे मी.

हे घर एल्विरा तापियांचं. वय अठ्ठ्याहत्तर. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. सगळी आळी त्यांना आदराने ‘दोन्या’ म्हणायची आणि थोडी घाबरायचीही. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. मुलगी ग्रासिएला अडीच तासांवर, डोंगरातल्या थंड गावात. दर उन्हाळ्यात मायलेकींचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. आईने हे तापणारं घर सोडून आपल्याकडे यावं, असं मुलीचं म्हणणं.

“तुझ्याकडे येऊन काय करू? तुझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकू?” दोन्या म्हणायच्या. “त्यापेक्षा ऊन परवडलं.”

शेवटी तोडगा निघाला. पोटमाळ्यावर नवा भुसा मारून घ्यायचा. त्याने घर थंड राहिलं तर दोन्यांनी राहायचं. नाही राहिलं तर सप्टेंबरात सामान बांधायचं, आणि मग तोंडातून ब्र काढायचा नाही. म्हणजे बघा, त्या म्हातारीचं घर माझ्या भरवशावर होतं. मला ते कळलं तेव्हा मी पोत्यातच ताठ झालो होतो.

या धंद्याचा एक नियम आहे. पोटमाळ्यावरचं काम सूर्य डोक्यावर यायच्या आत उरकायचं. दोघं जण असतात. एक खाली गाडीत यंत्राच्या तोंडात पोती ओततो, दुसरा जाड नळी घेऊन वर रांगतो आणि भुसा उडवत मागे मागे येतो. जून महिना होता. ती जोडी सकाळी सहाला यायची होती, ती दुसऱ्या घरी अडकली आणि अकराला आली. यंत्रापाशी बाल्तासार, आणि नळी हातात घेऊन वर चढला तो एफ्राइन. पन्नाशीचा, गुडघे गेलेला, स्वभावाने वाईट अजिबात नव्हे.

त्याने आधी पोटमाळ्यावर चढायच्या झाकणासमोरच्या तुळईला मोजपट्टी ठोकली. झाकण उघडताच आकडा दिसावा म्हणून ती झाकणाकडे तोंड करूनच लावतात. मग तो आत रांगला. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. राहिली मागची झोपायची खोली. तिथे छप्पर अगदी खाली उतरतं, पोटावर सरपटत जावं लागतं. तिच्यावर साठ वर्षांपूर्वीचा कसलासा थर होता, चेपून तीन बोटं उरलेला. एफ्राइन तिकडे निघाला, अर्ध्यावर गेला आणि थांबला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. घामाचे थेंब माझ्यावर पडत होते. कानाला लावलेल्या फोनवरून तो म्हणाला, “बाल्ता, माझी भाजी झाली इथे.”

“अरे, अजून सात पोती आहेत.”

“असू दे. मी झाकणाकडे येतोय. उरलेलं इथेच सोड.”

आणि ती सात पोती, म्हणजे उरलेला मी, झाकणाभोवती ओतला गेलो. बरोबर बोळाच्या वर. या घराच्या बोळात कोणी बसत नाही, कोणी झोपत नाही. न्हाणीघरात जाताना पार करायची चार पावलं तेवढी. त्या चार पावलांवर मी सोळा इंच उभा राहिलो. मोजपट्टी माझ्यात गळ्यापर्यंत बुडाली.

एफ्राइन शिडीवरून खाली आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून दोन्या हबकल्या. लिंबू-मीठ घातलेल्या पाण्याचा जग त्यांनी तयारच ठेवला होता.

“दोन्या, मागच्या खोलीवर जरा...” तो सांगायला लागला.

“आधी पाणी पी. तोंड बघ, उकडलेल्या बीटासारखं झालंय. मेलास तर मी कुठे पुरू तुला?”

तो हसला, दोन पेले प्यायला, आणि वाक्य गिळून बसला. मित्रांनो, त्या बाईच्या मायेमुळेच तिच्यावरचं संकट टळता टळता राहिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने ते वाक्य पुन्हा काढायला हवं होतं. नाही काढलं. उलट दोन्यांनी विचारलं, “छपरावरचं थंड हवेचं यंत्र बंद पडलं तर किती वेळ टिकेल थंडावा?” तेव्हा म्हणाला, “संध्याकाळपर्यंत काही काळजी नाही.”

दोन्या धडपडत शिडीच्या तीन पायऱ्या चढल्या आणि विजेरी मारून माझ्याकडे पाहिलं. “बाई गं, केवढा हा ढीग,” असं म्हणाल्या आणि मला हाताने थोपटलं. त्या थोपटण्याची मला आजही लाज वाटते.

जूनभर माझी वाहवा झाली. स्वयंपाकघर खरंच थंड राहायचं. दोन्या येईल-जाईल त्याला माझं कौतुक सांगायच्या. मागची खोली तेवढी तापायची, पण ती आधीपासून तापायचीच, पश्चिमेची खिडकी, असं म्हणून त्या सोडून द्यायच्या. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं त्या खोलीत झोपल्या होत्या. दुसरीकडे त्यांना डोळा लागत नसे.

जुलैत एका दुपारी दोन वाजता छपरावरचं थंडाव्याचं यंत्र घरघरलं आणि बंद पडलं. बाहेर शेहेचाळीस अंश. दुरुस्तीवाल्याने सकाळची वेळ दिली. त्या दिवशी निम्म्या शहराची यंत्रं बसली होती. ग्रासिएलाचा फोन आला तेव्हा दोन्या बोळातच उभ्या होत्या, माझ्या थेट खाली.

“आई, मी लगेच निघते.”

“काही नको. घाटात ट्रकांच्या मागे रडतखडत येशील. भुसा कशाला घातलाय मग? संध्याकाळपर्यंत थंडावा टिकतो, तो माणूस बोललाय.”

“आणि नाही टिकला तर?”

“तर शेजारी जाऊन बसेन. आता टॉवेल ओला करून जरा पडते. तू सकाळी ये, अंडी आणि तुझं ते तिखट सॉसेज, चोरिझो, करते तुला.”

ग्रासिएला म्हणाली, “बरं. पण पाणी पीत राहा.”

दोन्या मागच्या खोलीत गेल्या आणि नेहमीप्रमाणे दार लावून घेतलं. मित्रांनो, पुढचं मी पाहिलं नाही. झाकण बंद असलं की मला काही दिसत नाही. मला फक्त ऐकू येतं आणि धग कळते. त्या खोलीवरची धग तीन बोटांच्या थरातून पाण्यासारखी खाली उतरताना मला कळत होती, आणि मी दहा हातांवर पर्वतासारखा बसून होतो. माझ्याखालचा बोळ तेव्हाही बरा होता. नुसती एक खुर्ची टाकून त्या बोळात बसल्या असत्या तरी चाललं असतं. पण बोळात कोण बसतं?

सकाळी नऊला ग्रासिएलाने दार उघडलं. तिची हाक मी ऐकली, आणि मग हाक थांबली तेही ऐकलं.

दोन दिवसांनी यंत्र दुरुस्त करणारा आला. ग्रासिएलाने त्याला वर बघायला सांगितलं. झाकण उघडलं, उजेड आला, आणि मला वाटलं, आता कोणीतरी आत येईल. त्याने मान वर काढली, मोजपट्टी वाचली.

“सोळा इंच. बाई, एवढा भुसा तर मी क्वचित पाहतो.”

“म्हणजे घरात काही कमी नव्हतं?”

“नाही हो. वय झालं होतं त्यांचं. यंत्र बंद पडलं, बस.”

“म्हणजे मी निघायला हवं होतं,” ग्रासिएला म्हणाली. ती बोळात जमिनीवरच बसली आणि हेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिच्या डोक्याच्या वर होतो. पोरी, चूक तुझी नव्हे, मागे जाऊन बघ, असं मला ओरडायचं होतं. कागद होतो तेव्हा माझ्यावर हजारो शब्द होते. आता एकही नाही. ती बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत राहणार, आणि त्याला इलाज नाही.

घर विकलं गेलं. तपासणीला आलेल्या माणसानेही झाकण उघडून माझा फोटो काढला आणि ‘इन्सुलेशन उत्तम’ असं लिहून दिलं. मित्रांनो, मी तुमच्या पाया पडतो. कोणी काम केलं म्हणाला तर दारातून मान घालून परत येऊ नका. पोटावर सरपटावं लागलं तरी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जा. आणि कोणी सांगायला लागलं, तर त्याला पाणी द्या, पण त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

घरात आता तरुण जोडपं आलंय. काल पुन्हा शिडी लागली. नवऱ्याने डोकं वर काढलं, पट्टीवर उजेड टाकला आणि खाली बायकोला म्हणाला, “बघ, उगाच घाबरतेस. भरपूर आहे.” मग मागच्या खोलीत खुटखुट ऐकू आली. ते दोघं मिळून बाळाचा पाळणा जोडत होते. आज मे महिन्याची एकवीस तारीख आहे.