तबकडीची दुसरी बाजू

१९४३ साली युद्ध दूर कुठेतरी चालले होते, पण त्याची भाषणे म्हसावदपर्यंत येऊन पोचली होती. सरकारने ती तबकड्यांवर भरून पाठवली. त्या वाजवायचे यंत्र पाठवायला मात्र विसरले. गावात ग्रामोफोन एकच, वाहिदचा. तो लग्नसराईत भाड्याने जायचा.

चुडामण मास्तरांना या भाषणांची फार गरज होती. लोणखेड्याच्या शाळेचे हेडमास्तरपद रिकामे होते, आणि बाजाराच्या दिवशी होणाऱ्या युद्धसभेत जो बोलून दाखवील त्याची शिफारस मामलेदार करणार होते. मास्तर विद्वान, सालस. फक्त सभेत उभे राहिले की ‘सज्जनहो’ म्हणून खाली बसत. मागच्या तिन्ही भाषणांची लांबी एवढीच होती.

म्हणून आठ दिवस रोज दुपारी ते वाहिदच्या ओट्यावर वही घेऊन बसले. वक्त्याचा आवाज कुठे चढतो, श्वास कुठे घेतो, सगळे टिपले.

“मास्तर, तो खोकलना तेबी लिखी लिधं?”

“खोकल्याशिवाय भाषणाला वजन येत नाही, वाहिदभाई.”

“मंग तराजूबी लई या.”

बाजाराच्या दिवशी मास्तर ‘सज्जनहो’ म्हणाले आणि खाली बसले नाहीत. वाहिदने मनातल्या मनात पीराला नारळ कबूल केला. आवाज चढला, उतरला, नेमक्या जागी खोकला आला. “शत्रू वेशीपर्यंत आला, आणि तेव्हा...”

मास्तर थांबले. तबकडीची पहिली बाजू इथेच संपत असे. मग वाहिद ती उलटायचा, चावी भरायचा, सुई बदलायचा. आठ दिवस मास्तर इथे थांबले होते, तसेच आताही हात मागे बांधून निवांत थांबले. भाषण पाठ करताना त्यांनी ही वाटही पाठ केली होती.

मामलेदारांनी घड्याळ काढले. वाहिद लांबून हवेतच चावी फिरवू लागला.

पुढे तापीबाई बसली होती. गावात कुणी कहाणी सांगायला बसले की ‘हां’ म्हणून हुंकार द्यायचा मान तिचा. हुंकार नसेल तर सांगणारा पुढे सरकत नाही, ही इकडची रीत. तिने चूक श्रोत्यांच्या पदरात घातली.

“मुक्या बठनात का रे सम्दा? हुंकार द्या ना! तो बिचारा कसा सांगी? हां, मास्तर! मंग?”

“हां! मंग?” अख्खा बाजार ओरडला.

मास्तर दचकले आणि दुसरी बाजू सुरू झाली. आता प्रत्येक वाक्याला ‘हां’ येऊ लागला. एका खोकल्यालाही आला. मामलेदारांनी जनतेचा एवढा उत्साह नोकरीत कधी पाहिला नव्हता. शिफारस त्यांनी खुर्चीतच लिहिली आणि ते गाडीत बसले.

लोक मात्र उठेनात.

“अरे भो, त्या शत्रूनं काय व्हयनं?” तापीबाईने विचारले. “ते तर राहीच गयं!”

ते तबकडीवर नव्हते, वहीतही नव्हते. मास्तरांनी टोपी काढली, मांडी घातली आणि अहिराणीत सुरुवात केली. मामलेदारांची गाडी शहाद्याला पोचली असेल, तेव्हा शत्रू तापीच्या काठावर अडकला होता. नदीला भर उन्हाळ्यात पूर आला होता, आणि तो चुडामण मास्तरांनी स्वतः आणला होता.