उंबऱ्यापलीकडचा आवाज

सोमवारी सकाळी गडहिंग्लजच्या प्रमिलाबाईंच्या घरातली मधली खोली परदेशात गेली. जागची हलली नाही. उंबऱ्यापलीकडे दुसऱ्या देशाचा कायदा लागू झाला, इतकंच. नवरा, यशवंतराव, वारल्यावर बाईंनी त्यांचा आवाज मोबाईलवर जपला होता आणि तो साठवणारी कंपनी त्या देशातली होती. आवाज तिथला, म्हणून खोलीही तिथली.

खोलीत एक परदेशी कारकून स्टुलावर येऊन बसला. त्याच्यामागून यशवंतराव दिवसभर विचारत, "पमे, माझा चष्मा कुठंय गं?"

हयातीत या प्रश्नानं बाईंचं डोकं उठवलं होतं. आता तोच ऐकून त्यांना भरून येई.

मुलगा, उदय, कचेरीत जाऊन आला. "साहेब म्हणतात, आपला कायदा उंबऱ्यापर्यंतच."

"आणि त्यांचा?"

"मेलेल्याचा आवाज महिनाअखेर पुसायचा. आई, तू आत पाऊल टाकू नकोस. तिथं बोलणाऱ्याचा आवाज ते जमा करून घेतात."

बाई उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसू लागल्या. कारकुनाच्या आईची चौकशी करत, त्याला जेवलास का विचारत. गोड बोलण्यात बाईंचा हात कोण धरणार? शेवटी कारकून विरघळला. महिना सरताना तो स्टीलचा डबा घेऊन उंबऱ्याशी आला. डब्यात यशवंतराव पुटपुटत होते.

"घ्या लवकर," म्हणत त्यानं डबा पुढे केला.

बाईंचे हात पुढे झाले आणि थबकले. जन्माची सवय ती.

"उंबऱ्यावरून देत-घेत नाहीत हो. इकडं घरात या की."

"आई!" उदय अंगणातून ओरडला.

पण बोलावलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं? कारकून उंबरा ओलांडून आला. त्याच्या पावलामागून त्याचा कायदाही आला आणि स्वयंपाकघर, बाहेरचा सोपा करत थेट पुढच्या दारापर्यंत गेला. उदय बाहेर राहिला.

कारकुनानं डबा बाईंच्या हाती दिला. मग दुसरा, रिकामा डबा काढून त्याचं झाकण उघडलं.

"पमे, माझा चष्मा कुठंय गं?"

बाईंना राहवलं नाही. इतके दिवस हे उत्तर त्यांनी रोखून धरलं होतं. "अहो, कपाळावर आहे," त्या म्हणाल्या.

बाईंचे ओठ नुसतेच हलले. त्यांचा आवाज रिकाम्या डब्यात पडला आणि कारकुनानं झाकण घट्ट लावलं.

दाराबाहेर उदय हाका मारत होता, "आई, अगं ओ दे की!"